पेट्रोलच्या टाकीत तुरटी फिरवणाऱ्यांना

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. "मामा, उद्या वॉशिंग सेंटरवाल्याचा व्हॅक्यूम आणतोय टाकी साफ करायला. तुमच्याकडं लांब वायर हाय काय?" कसली टाकी म्हटलं, तर बोटीची. पेट्रोलची! हातातला घास ताटात ठेवला आणि आधी त्याला सांगितलं, वायर मिळणार नाही आणि व्हॅक्यूम तू आणणार नाहीस. मग ज्या मेसेजवरून हे ठरलं, तो मागवून घेतला.

भाचा शिरोळ तालुक्यातला. त्यांच्या मंडळाकडं एक फायबरची बोट आणि पेट्रोलचं आउटबोर्ड इंजिन (बोटीच्या मागं बाहेरून अडकवायचं) आहे, २०१९ च्या महापुरानंतर वर्गणी काढून घेतलेलं. वर्षातले दहा महिने बोट समाजमंदिरामागं ताडपत्रीखाली झोपलेली असते आणि मे उजाडला की सगळ्यांना तिची आठवण येते. यंदा नदीत ट्रायल घेतली तर इंजिन दोन मिनिटं झकास चालायचं आणि बंद पडायचं. टाकीत काहीतरी घाण आहे हे पोरांनी बरोबर ओळखलं. आणि नेमका तेव्हाच 'पूरग्रस्त गावांनी जरूर वाचा, टाकी न खोलता दहा मिनिटांत साफ' हा मेसेज गावात पोचला. कुणा मरीन एक्स्पर्टच्या नावानं फिरतोय. त्यात पाच उपाय आहेत: व्हॅक्यूमनं टाकी ओढून घ्या, तळाला उरेल ते नळी लावून तोंडानं ओढा, तुरटी टाकून गाळ बसवा, दोरीला चुंबक बांधून फिरवा, आणि पुराच्या कामात इंजिनचा फिल्टर काढूनच ठेवा म्हणजे ते बंद पडणार नाही. वर शेवटी एक आश्वासन, की आता पेट्रोलात इथेनॉल असल्यामुळं टाकीतल्या पाण्याची चिंता नको.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात सव्वीस वर्षं इंजिनं खोलतोय. एवढा वेडेपणा एका जागी गोळा केलेला क्वचितच वाचला असेल.

व्हॅक्यूमपासून सुरू करतो, कारण बाकीच्यांत इंजिन मरेल, यात माणूस. मेसेजचा युक्तिवाद असा की वॉशिंग सेंटरचा व्हॅक्यूम पाणी ओढतो, मग पेट्रोल का नाही? ओढेल की. पण त्या मशीनच्या डोक्यात जी मोटर असते ती कार्बन ब्रशची. ड्रिल मशीनच्या जाळीतून आत बघितलंय कधी? निळ्या ठिणग्या नाचत असतात. मोटर बिघडलेली नसते, ती तशीच चालते. म्हणजे एका बाजूनं पेट्रोल ओढायचं, त्याची वाफ बादलीतून बाहेर फेकायची, आणि त्याच डोक्यात ठिणग्या चालू ठेवायच्या. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की पेट घेते. त्याचा फ्लॅश पॉइंट उणे ४० अंशांच्या आसपास, म्हणजे कोल्हापुरात कुठल्याही महिन्यात, कुठल्याही वेळी ते पेटण्याएवढी वाफ सोडतच असतं. आणि ही वाफ हवेपेक्षा जड. वर उडून जात नाही. जमिनीवरून सरपटत जाते, गटारात उतरते आणि पलीकडच्या चहाच्या टपरीवरचा स्टोव्ह शोधते.

"आम्ही केलंय, काही होत नाही" म्हणणारे भेटतात. त्यांचं का वाचतं तेही सांगतो. बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की ती ७.६ टक्क्यांच्या वर जाते, आणि इतक्या दाट वाफेला आग लागत नाही. पण व्हॅक्यूम लावला की तोंडातून ताजी हवा आत घुसते आणि तीच वाफ पातळ होत होत नेमकी पेटण्याच्या हद्दीत येते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी होत आलेली टाकी जास्त घातकी, ती यामुळंच.

मोटर लांब ठेवली तरी सुटका नाही. प्लास्टिकच्या पायपातून पेट्रोल, हवा आणि रेती सरसर गेली की स्थिर वीज साठते. हे माझ्या पदरचं नाही. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेनं १९९८ साली एक इशारा काढला होता. पिकअप गाडीच्या हौद्यात प्लास्टिकचं अस्तर असतं. त्यावर कॅन ठेवून पेट्रोल भरताना आगी लागल्या. काडी नाही, सिगारेट नाही. कॅनवर साठलेल्या विजेला जमिनीत उतरायला वाट नव्हती, एवढंच कारण. उपाय काय सांगितला? कॅन खाली जमिनीवर ठेवा आणि नोझल कॅनला टेकवून भरा. नुसतं पेट्रोल भरताना ही गत, तर व्हॅक्यूमच्या पायपाचं काय घेऊन बसलात!

तोंडानं ओढण्याबद्दल दोनच वाक्यं. पेट्रोल पोटात जाण्यापेक्षा ठसक्याबरोबर फुप्फुसात गेलेलं वाईट, थोडंसं गेलं तरी फुप्फुसाला सूज येते. आणि गिळलं गेलंच तर उलटी काढायला लावू नका, कारण वर येताना ते पुन्हा तिकडंच जातं. सरळ दवाखाना गाठा.

तुरटी. हे वाचून मी खरंच हसलो. आमच्या आजीनं आयुष्यभर रांजणात तुरटी फिरवली. तुरटी पाण्यात विरघळते, तिच्यापासून एक चिकट साका तयार होतो, तो माती धरतो आणि तळाला बसतो. सगळा खेळ पाण्याचा. पेट्रोलात तुरटी विरघळतच नाही. खडा टाकाल तसा तळाला जाऊन बसेल. म्हणजे टाकीत एक दगड आणखी वाढला. आणि टाकीच्या तळाला पाणी असलंच, तर त्यात विरघळून ते खारट, आंबट पाणी थेट कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, ॲल्युमिनियमला खायला जाईल. पूड करून टाकली असती पोरांनी तर मला नवीन कार्बोरेटरच शोधावा लागला असता.

चुंबक लोखंडाला धरतो. बोटीची सुटी टाकी बहुधा प्लास्टिकची, घाण रेतीची, रबराची, पानाची. पुढं चला.

फिल्टर काढून ठेवा, हा सल्ला देणाऱ्याला एकदा पुराच्या पाण्यात बसवला पाहिजे. पंचगंगा कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते आणि खाली शिरोळकडं कृष्णेचं पाणी तिला पुढं जाऊ देत नाही, तेव्हा शेत, रस्ता, ओढा सगळं एक होतं. अशा धारेत इंजिन बंद पडलं की बोट तुमची राहत नाही. ती आडवी फिरते आणि बाभळीच्या फांद्यांत नाहीतर विजेच्या तारांत जाते. फिल्टर तुंबला तर वाटी काढून, धुऊन पाच मिनिटांत लावता येते. फिल्टरच नसेल तर तीच रेती कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाते, आणि सुईच्या टोकाएवढं ते भोक भर पाण्यात, बोटीत म्हातारी माणसं बसलेली असताना कोण साफ करणार? मेसेज लिहिणारा?

इथेनॉलच्या मुद्द्यात मात्र अर्धं खरं आहे, मान्य करावं लागेल. आमच्याच उसाचं इथेनॉल आहे, त्याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. इथेनॉल थोडं पाणी खरंच स्वतःत मुरवून घेतं आणि ते इंजिनातून जळूनही जातं. पण थोडंच. त्याची हद्द संपली किंवा गारठा पडला की इथेनॉल आणि पाणी हातात हात घालून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला थर करतात. टाकीतली नळी नेमकी तळाजवळ असते, त्यामुळं इंजिनला पहिला घोट त्याच थराचा मिळतो. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलातच ऑइल मिसळून चालणारं, असेल तर आणखी वाईट, कारण ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं आणि खालचं पाणी कोरडंच आत जातं. वर्षभर पडून राहिलेलं पेट्रोल बोटीत वापरू नये, ते यासाठी. शिवाय बऱ्याचशा आउटबोर्ड इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं, आणि पंपावर आता २० टक्क्यांचं मिळतं. त्यानं जुन्या पायपाचं रबर आतून सुटून त्याचे काळे कण टाकीकडून इंजिनकडं निघतात. ते घाण म्हणून दिसतात, पण टाकी कितीही धुतली तरी जात नाहीत. पाइप बदलावा लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच गेलो. खरं तर दोन मिनिटं चालून बंद पडणं, थोडं थांबलं की पुन्हा चालू होणं, आणि बंद पडताना पायपातला रबरी बल्ब (हातानं दाबून पेट्रोल पुढं ढकलायचा फुगा) चपटा होणं, एवढं ऐकूनच मला अंदाज आला होता. बल्ब चपटा झाला म्हणजे अडथळा बल्बच्या मागं, टाकीच्या बाजूला. आधी झाकणावरचा हवेचा स्क्रू बघितला, कारण तो बंद राहिला तरी हेच होतं. उघडा होता. मग टाकी बोटीतून काढून मोकळ्या मैदानात, मातीवर ठेवली. मोबाइल लांब, विड्या लांब. एका बाजूला वीट लावून अर्धा तास तशीच राहू दिली, म्हणजे पाणी आणि गाळ एका कोपऱ्यात येतो. वरचं पेट्रोल दुसऱ्या एका जुन्या बल्बच्या पायपानं कॅनमध्ये घेतलं, कॅनही जमिनीवरच. शेवटचं लिटरभर लोणच्याच्या काचेच्या बरणीत ओतलं. दोन बोटं पाणी, चिमूटभर रेती. पोरं बरणीभोवती घोळका करून बघत होती.

पण इंजिन त्यानं बंद पडत नव्हतं. नळीच्या प्लेटचे चार स्क्रू काढले, नळी वर घेतली आणि तिच्या टोकाच्या जाळीला चिकटून वर आली एक चंदेरी चकती. रुपयाच्या नाण्याएवढी. टू-टी ऑइलच्या बाटलीच्या तोंडावर जी पातळ चांदी असते ना, ती. कुणीतरी गेल्या पावसाळ्यात घाईत अंगठ्यानं आत ढकलली आणि बाटली तशीच टाकीत उपडी केली. इंजिन ओढायला लागलं की चकती जाळीवर बसायची, ओढ थांबली की सुटून खाली पडायची. दोन मिनिटं चालू, मग बंद. तिला तुरटी काय करणार आणि चुंबक काय करणार?

नोज प्लायरनं ती काढली, लिटरभर स्वच्छ पेट्रोलनं टाकी दोनदा खळबळून घेतली, फिल्टरची वाटी धुतली. गाळाचं पेट्रोल नाल्यात ओतायला निघालेल्या एकाला हात धरून मागं आणला, कॅन मी माझ्या गॅरेजला घेऊन आलो. इंजिन वीस मिनिटं एका दमात चाललं.

भाच्यानं चकतीचा फोटो काढून, सगळी हकीकत लिहून त्याच ग्रुपवर टाकली. पाच मिनिटांत खाली पहिलं उत्तर आलं: "चुंबक मोठा घेतला होता का?"