खुलासा: एकाच डिस्कचे भाग पाडून डेटाबेस वेगवान होत नाही

वागळे इस्टेट, महापे भागातल्या छोट्या कंपन्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक मेसेज फिरतोय: 'सर्व्हरच्या हार्ड डिस्कचे सी, डी, ई भाग पाडा. डेटा एकीकडे, लॉग दुसरीकडे ठेवा. डेटाबेसचा वेग दुप्पट होईल, डेटाही सुरक्षित राहील.'

सल्ला अर्धा बरोबर आहे, म्हणूनच पटतो. डेटा आणि लॉग (डेटाबेसमधल्या बदलांची नोंदवही) वेगळे ठेवावेत, पण दोन प्रत्यक्ष डिस्कवर. पार्टिशन, म्हणजे असे भाग, कितीही पाडली तरी डिस्क तीच. ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेरे) डिस्कची तबकडी एक फेरा साधारण ८.३ मिलिसेकंदांत घेते. हवी ती जागा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडखाली यायला सरासरी ४.२ मिलिसेकंद लागतात, हेड सरकण्याचा वेळ वेगळाच. लॉग सलग लिहिला जातो. त्याला स्वतंत्र डिस्क मिळाली तर हेड फारसं हलत नाही. पार्टिशन केल्यावर मात्र ते डेटा आणि लॉग यांच्यात येरझारा घालत बसतं. एसएसडीत (तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) हेड नसतं, तरी भाग पाडून तिचाही वेग वाढत नाही.

सुरक्षिततेचा दावा मला जास्त घातक वाटतो. डिस्क गेली की सगळी पार्टिशन जातात. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची पद्धत. तिच्या रेड ० प्रकारात डेटा अनेक डिस्कवर पसरतो, वेगही मिळतो, पण त्यातली एक बिघडली तरी सगळंच जातं. रेड १० मध्ये डेटाची दुसऱ्या डिस्कवर प्रत असते. तरी चुकून डिलीट झालेली नोंद दोन्ही प्रतींतून जाते. म्हणून बॅकअप हवाच.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांना हे कळवा, विशेषतः कुणी त्यावर विसंबून बॅकअप बंद केला असेल तर आजच.