300 रुपयांचं तिकीट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'आपल्या शहरातल्या बँडचं तिकीट काढा' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाणं चांगलं असेल तर ते आपोआप पोहोचतं, 'तांबडी चामडी' नाही का पोहोचलं? अजून कच्च्या असलेल्या पोरांना 300 रुपये देणं ही रसिकता नव्हे, दानधर्म आहे. आणि हे सगळं पुण्या-मुंबईतल्या इंग्रजी बोलणाऱ्यांचं खूळ, मराठी श्रोत्याला त्याचं काय? शेवटी तुम्ही विचारलंय, ऐकण्यासारखं एक तरी नाव सांगा. तुम्ही तळमळीने लिहिलंय, म्हणून मीही सविस्तर लिहितो.

आधी कच्चेपणाबद्दल, कारण माझं खरं भांडण तिथेच आहे. पुण्यात 1963 पासून पुरुषोत्तम करंडक होतोय. भरत नाट्य मंदिरात कॉलेजची पोरं एकांकिका करतात आणि त्यातल्या कित्येकांचा तो आयुष्यातला पहिला प्रयोग असतो. आपण तिकीट काढून जातो. प्रयोग फसला तरी बाहेर चहाच्या टपरीवर त्याची चिरफाड करत उभे राहतो. त्या तिकिटाला कोणी दानधर्म म्हणत नाही. उलट त्यातलं कोणी पुढे नावारूपाला आलं, की 'आम्ही याला पुरुषोत्तमपासून बघतोय' हे कौतुकाने सांगतो. हीच माणसं स्वतःची गाणी लिहिणाऱ्या चार पोरांपुढे बसायची वेळ आली की विचारतात, 'पास आहे का?'

याचं कारण मला असं दिसतं की नाटक घडताना आपण पिढ्यान् पिढ्या पाहिलंय: तालमी, पडलेले प्रयोग, दुरुस्त्या, पुन्हा उभे केलेले प्रयोग. गाणं मात्र बहुतेकांच्या घरी तयार होऊनच आलं, आकाशवाणीवरून, सिनेमातून, कॅसेटमधून. त्यामागची कच्ची वर्षं कुणीतरी दुसऱ्याने सोसलेली असायची. स्वतंत्र कलाकाराची ती वर्षं आपल्या डोळ्यांसमोर जातात, कारण त्यांचा खर्च उचलायला मागे निर्माता किंवा कंपनी नसते.

हा खर्च कसा असतो ते जवळून बघा. शहरातल्या बऱ्याच हॉटेलांत ड्रमसेट जागेवर असतो, पण स्नेअर, सिम्बल आणि पेडल ड्रमरने स्वतःचं आणायचं असतं. म्हणजे संध्याकाळी गर्दीच्या वेळी तो मुलगा हे सगळं रिक्षात कोंबून येतो, साऊंडचेक करतो आणि मग आपला नंबर लागेपर्यंत दोन-तीन तास ताटकळतो. त्याआधी आठवडाभर तासाच्या हिशोबाने भाड्याने घेतलेल्या जॅमरूममध्ये तालीम झालेली असते. त्याच हॉटेलात त्याच बँडने शनिवारी जुनी हिंदी गाणी वाजवली, तर ठरलेलं मानधन मिळतं. स्वतःची गाणी वाजवायची म्हटलं की बोलणं दारावरच्या तिकिटांवर येतं: जेवढी विकली जातील त्यातला वाटा. चाळीस माणसं 300 रुपये देऊन आली तर 12,000 रुपये जमतात. त्यातून हॉटेलचा हिस्सा, साऊंडवाला आणि त्या रात्री वाजवलेले दोन-तीन बँड. दहाच माणसं आली, तर पुढच्या महिन्यात हॉटेलवाला म्हणतो, 'तुमची गाणी राहू दे, कव्हर्स वाजवा, दुसऱ्यांची गाजलेली गाणी.' तो धंदा करतोय, त्याच्यावर माझा राग नाही. पण तुमचं तिकीट नेमकं काय करतं, ते इथे दिसतं. त्या बँडचं पुढचं स्वतःचं गाणं होणार की नाही, हे त्या तिकिटावर ठरतं.

आता 'आपोआप पोहोचतं' याबद्दल. 'तांबडी चामडी' मलाही आवडतं. पण ते 2024 मध्ये स्पिनिन या मोठ्या डच लेबलवरून आलं, आणि ते करणारा डीजे क्रेटेक्स त्याच्या बऱ्याच आधीपासून मराठी हाऊस संगीताचा (इलेक्ट्रॉनिक, नाचायच्या संगीताचा एक प्रकार) नाद धरून बसला होता. त्या आधीच्या काळात ज्यांनी ऐकलं, ते श्रोते कुठल्याच आकड्यात झळकत नाहीत, पण त्यांच्याशिवाय माणूस टिकत नाही. शिवाय एक गाणं पोहोचलं यावरून चांगली गाणी पोहोचतातच, हे सिद्ध होत नाही. जी पोहोचली नाहीत ती तुम्ही-मी ऐकलेलीच नाहीत, मग ती वाईट होती हे कशावरून म्हणायचं?

स्ट्रीमिंगचा हिशोबही याच्याशी जोडून बघा. 2024 पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं बारा महिन्यांत किमान हजार वेळा ऐकलं गेलं नसेल, तर त्याला पैसे मिळत नाहीत. समजा एखाद्या बँडची सहा गाणी आहेत आणि प्रत्येक सातशे वेळा ऐकलं गेलं. एकूण 4,200 वेळा लोकांनी ऐकलं, आणि हाती शून्य. म्हणून 'मी ऐकतो ना फुकट, तोही पाठिंबाच' हे म्हणणं मला पटत नाही. ऐकणं महत्त्वाचं आहेच, पण त्यातून जॅमरूमचं भाडं निघत नाही.

तिसरा मुद्दा इंग्रजीचा. पुण्यातल्या आणि मुंबईतल्या बऱ्याच ठिकाणी मंचावरचं बोलणंसुद्धा इंग्रजीत चालतं, हे खरं आहे, आणि ते मलाही खुपतं. पण स्वतः गाणं करून स्वतः विकणं ही गोष्ट आपल्याकडे त्या हॉटेलांतून आलेली नाही. 6 डिसेंबरला दादरला पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या कॅसेटी आणि पुढे सीड्या विकल्या गेल्या. लांबून आलेली माणसं खिशातले मोजके पैसे काढून त्या घरी घेऊन गेली. शहरी रसिकांनी ज्यांची फारशी दखल घेतली नाही असे किती गायक त्या खरेदीवर उभे राहिले असतील! गोव्यात रेमो फर्नांडिस यांनी 1984 साली शिवोलीच्या घरात चार ट्रॅकच्या यंत्रावर 'गोवन क्रेझी' हा अल्बम ध्वनिमुद्रित केला आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी कॅसेटी पोहोचवल्या. गाणी इंग्रजी होती, पण विषय गोव्याचे होते, आणि ती आधी गोव्याने विकत घेतली. माझ्या मते तुम्ही भाषेपेक्षा हे विचारायला हवं, की गाणारा माणूस कुठे उभा राहून गातोय.

आता नावं. मुंबईचा 'स्वदेशी' हा हिपहॉप गट मराठीसह अनेक भाषांत रॅप करतो. 2019 मधलं त्यांचं 'द वारली रिव्होल्ट' मुंबईच्या आरे जंगलातले आदिवासी प्रकाश भोईर यांच्यासोबत केलेलं आहे. ज्यांचं जंगल जातंय त्यांचाच आवाज त्यात ऐकू येतो. 'अभंग रिपोस्ट' संतांचे अभंग गिटार, बास आणि ड्रम्ससह गातात. अभंगाला असा बाज चालेल का, ही शंका ज्यांना येते त्यांनी ते प्रत्यक्ष समोर बसून ऐकावं, रेकॉर्डिंगवरून मत बनवू नये. पुण्याचे 'ईझी वाँडरलिंग्ज' इंग्रजीत गातात, तरीही सांगतो, कारण त्यांच्या गाण्यांची बांधणी फार सुरेख आहे.

पण ही तिन्ही नावं एव्हाना बऱ्याच जणांना माहीत आहेत. खरा शोध तुम्हाला तुमच्या शहरातच घ्यावा लागेल. पोस्टरवर सगळ्यात लहान अक्षरात ज्यांचं नाव असतं, त्यांच्यासाठी वेळेवर जा. आवडलेल्या गाण्यात बास कोणी वाजवलाय, ध्वनिमुद्रण कोणी केलंय हे बघा आणि त्या माणसांची बाकीची कामं शोधा. मला सगळ्यात जास्त संगीत असंच सापडलंय. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या संकेतस्थळावर शहराच्या नावाने शोधता येतं, आणि डिजिटल विक्रीतले साधारण 15 टक्के आणि व्यवहाराचं शुल्क सोडून बाकी पैसे कलाकाराला जातात. एक मेख आहे मात्र. तिथे कलाकाराचे पैसे पेपॅल या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेमार्फत येतात, आणि पेपॅलने एप्रिल 2021 पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार थांबवले. त्यामुळे जर्मनीतला श्रोता पुण्यातल्या मुलीचा अल्बम सहज विकत घेतो आणि तिच्याच गल्लीतला माणूस अडून बसतो. परदेशातल्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे की त्यांनी ही सोय जरूर वापरावी, विशेषतः बँडकॅम्प फ्रायडे म्हणून जाहीर होणाऱ्या ठरावीक शुक्रवारी, कारण त्या दिवशी बँडकॅम्प आपला वाटा सोडते. इथल्यांनी सरळ कलाकाराला संदेश पाठवून यूपीआय विचारावा. मी तसंच करतो. बहुतेक जण फाइल तर पाठवतातच, वर गाणं कसं झालं तेही सांगतात.

आणि ऐकून आवडलं नाही, तर तेही त्यांना सांगा. गायक सुरात नव्हता, शब्द ऐकू आले नाहीत, तिसरं गाणं लांबलं, जे वाटलं ते. पुरुषोत्तमच्या पोरांना आपण सांगतोच की. तुमच्यासारखा नेमकं खुपतं तिथे बोट ठेवणारा श्रोता या कार्यक्रमांना मला हवाच आहे. तुम्ही पुण्यात असाल तर पुढच्या कार्यक्रमाची तारीख इथेच कळवतो. तिकीट मात्र आपापलं काढायचं.