10 हजारांत घरचं गॅरेज? आधी पायाखालची जमीन बघा

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला 4 ग्रुपवर आला. मतलब असा, की घरामागे पत्र्याची शेड असेल तर मेकॅनिकला कायमचा रामराम ठोका. शेड कशीही चालते. एक बल्ब, घरातून ओढलेला एक्स्टेन्शन बोर्ड, 120 पीसची पान्यांची पेटी, हवेचा छोटा कॉम्प्रेसर, झालं गॅरेज तयार. पार्ट पेट्रोलने धुवा, चेनला जुनं ऑइल मारा. बोल्ट किती आवळायचा ते हाताला आपोआप कळतं. खर्च 10 हजार, वर्षभरात वसूल. खाली जोडलेले हात आणि 3 अंगठे.

खरं तर मी या मेसेजच्या बाजूने असायला हवं. सांगलीत आमच्या घरामागे 10 बाय 12 ची शेड आहे, 11 वर्षं मी तिच्यात रविवार घालवतोय. 1993 ची यामाहा आरएक्स 100 मोटारसायकल, बायकोची स्कूटर आणि मेहुण्याची स्प्लेंडर, एवढ्यांची देखभाल तिथेच होते. ऑइल बदलणं, प्लग, एअर फिल्टर, ब्रेकचे लायनर, क्लचची केबल ही कामं घरी व्हावीत आणि होतात, इथपर्यंत मेसेजवाल्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्याने पैसा कुठे घालायला सांगितलाय त्यावर. त्याच्या यादीत सगळी हत्यारं आहेत आणि शेड फुकट धरली आहे. माझा अनुभव नेमका उलटा. हत्यारं एकेक करून 5 वर्षांत घेतली तरी चालतं. शेड मात्र आधी करावी लागते.

"शेड कशीही चालते." माझीही पहिली 2 वर्षं मुरमाची जमीन होती. कार्बोरेटर उघडला, आतल्या फ्लोटची, म्हणजे तरंगत्या गोळ्याची, पिन हातातून सुटली. काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक पिन. मुरमात पडली ती पडली. लोहचुंबक फिरवलं तर मुरमातलं लोखंडच चिकटून आलं, आणि पिन होती पितळेची. संध्याकाळपर्यंत चाळणीने माती चाळत बसलो. दुसरा त्रास धुळीचा. इंजिनाचं साइड कव्हर उघडं टाकून जेवायला गेलं की परत येईपर्यंत आत बारीक पिवळट थर. आणि तिसरा स्टँडचा. मधल्या स्टँडवर उभी केलेली गाडी मागचा नट सोडताना हलते, स्टँडचा एक पाय रुततो आणि गाडी कलते. माझी पडली नाही. गुडघ्यावर झेलली.

तेव्हा कोबा. 10 बाय 12 ला 4 इंच जाडी म्हणजे 40 घनफूट काँक्रीट. 1:2:4 च्या (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणाला साधारण 7 पोती सिमेंट जातं, त्यात वाळू, खडी, गवंड्याची मजुरी. मेसेजवाल्याचे 10 हजार यातच उडतात. आमच्याकडे पैसे वाचवायला लोक शहाबादी टाकतात. अंगणाला ती छान दिसते, पण खाली पोकळ राहिलेल्या फरशीवर स्टँड आपटला की ती तडकते, आणि तेल सांडलं की तिच्यावरून पाय सटकतो. कोबा करताना दाराकडे थोडा उतार ठेवा आणि वरून फार घोटून गुळगुळीत करायला लावू नका. गवंड्याला घोटायची हौस असते. त्याच्या डोक्यावर उभं राहून नको म्हणावं लागतं.

जमिनीची उंची हा आमचा खास सांगलीचा विषय. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45 ची. तेवढ्या पाण्यापुढे कुठलंही जोतं टिकत नाही, पण माझी पान्यांची पेटी टेबलाखाली ठेवली होती हा दोष नदीचा नव्हता. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तर गाळाचा एकसंध गोळा निघाला, त्यात गोट्यांसारखे अडकलेले गोटी पाने, म्हणजे सॉकेट. तेव्हापासून सगळी हत्यारं भिंतीवर, 5 फुटांच्या वर. पुराचं गाव नसलं तरी हे करा. पावसाळ्यात पत्र्याला आतून घाम सुटतो आणि बंद पेटीत गंज लवकर धरतो.

छपराबद्दल मेसेजमध्ये अवांतर सल्ला आहे, जुने सिमेंटचे पत्रे स्वस्तात मिळतात, थंड राहतात, तेच टाका. थंड राहतात हे खरं. पण त्या जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. नुसते पडून असताना ते फारसं काही करत नाहीत. हूक मारायला भोक पाडलं, कापलं, फोडलं की त्याची भुकटी उडते आणि ती फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. आधीपासून असतील तर छेडू नका, पण मुद्दाम आणून ड्रिल मारू नका. लोखंडी पत्रा टाका आणि मे महिन्यात दुपारी शेडमध्ये जाऊ नका, एवढाच यावर उपाय मला सापडलाय.

"एक बल्ब पुरतो." मधोमध बल्ब टांगा, गाडीपाशी उकिडवे बसा, आणि बघा उजेड कुठे पडतो. तुमच्या टकलावर. इंजिनावर तुमचीच सावली. दोन लांब भिंतींना एकेक 4 फुटी एलईडी ट्यूब लावली की सावली तुटते, आणि हातात धरायचा एक छोटा दिवा. बास.

एक्स्टेन्शन बोर्डाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. 1 हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर म्हणजे चालताना 750 वॉटच्या आसपास, पण सुरू होताना मोटर त्याच्या कितीतरी पट करंट ओढते. घरातला पातळ वायरचा बोर्ड खिडकीतून ओढून तो चालवला की आधी प्लग गरम होतो, मग मऊ होतो, मग वास येतो. शेडला मीटरपासून वेगळी लाइन घ्या, 2.5 चौरस मिलिमीटरची वायर, 16 अँपिअरचा सॉकेट, व्यवस्थित अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच. ओल्या कोब्यावर अनवाणी उभं राहून ग्राइंडर धरणारी आपली जमात आहे, त्या 30 मिलिअँपिअरनेच जीव वाचतो. जाता जाता: मेसेजच्या शेवटी "शेजाऱ्यांच्या गाड्या करून कमाईही करा" असं आहे. घरगुती मीटरवर धंदा करणं हा 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरतो. मग महावितरणचं बिल बघून कमाई आठवेल.

आता 120 पीसची पेटी. त्या पेटीतले निम्मे पीस मोटारसायकलला कधीच लागत नाहीत. रोज लागतात ते 8, 10, 12, 14, 17 आणि 19 चे पाने आणि टी-स्पॅनर, थोड्या एलन की, चांगली पक्कड. आणि लागतो तो नेमका फुली पेचकस पेटीत चुकीचा असतो. जुन्या जपानी घडणीच्या गाड्यांवर, म्हणजे आरएक्स 100 किंवा जुन्या होंडांवर, फुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात. पुष्कळदा डोक्यावर बारीक ठिपका दिसतो. आपला बाजारातला फुली पेचकस त्यात तळापर्यंत बसत नाही. जोर लावला की वर उसळतो आणि फुलीची वाटी करून ठेवतो. मग लोक म्हणतात स्क्रू जाम झाला. स्क्रू जाम नव्हता हो, पेचकस परका होता. जपानी मापाचा एक पेचकस आणि हातोडीने ठोकायचा एक इम्पॅक्ट ड्रायव्हर, या दोघांनी माझी जेवढी कव्हरं उघडली तेवढी त्या पेटीने आख्ख्या आयुष्यात उघडली नसती.

"बोल्ट किती आवळायचा ते हाताला कळतं." कळतं, पण बोल्ट गेल्यावर. इंजिनावरचा साधा 6 मिलिमीटरचा बोल्ट, ज्याला 8 किंवा 10 चा पाना लागतो, तो ॲल्युमिनियममध्ये साधारण 10 न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. म्हणजे 10 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला 10 किलो वजन टांगल्याएवढा. आता पेटीतला 25 सेंटिमीटरचा लांब रॅचेट, म्हणजे कटकट करत फिरणारा सॉकेटचा दांडा घ्या. त्याच्या टोकाला 4 किलोतच तेवढा पीळ पडतो. 4 किलो म्हणजे मंडईतून आणलेली भाजीची पिशवी. हाताला वाटतं अजून काहीच लावलं नाही, म्हणून आपण आणखी थोडं ओढतो.

मी ओढलं. आधी बोल्ट घट्ट लागला. मग अर्धा सेकंद किंचित चिवट झाला, आणि त्यानंतर एकदम हलका, लोण्यात सुरी फिरावी तसा गोल गोल फिरायला लागला. बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकाकती तार गुंडाळून आली होती. इंजिनाच्या केसचे आटे गेले. लेथवाल्याने भोक मोठं करून आत हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवून दिलं. त्याने विचारलंही नाही काय झालं, नुसतं "रॅचेट काय?" म्हणाला. छोट्या बोल्टांसाठी 5 ते 25 न्यूटन-मीटरचा टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला पीळ बसला की सांगणारा पाना घ्या, आणि तो येईपर्यंत आखूड पाना वापरा, मधोमध धरून. चाकाच्या एक्सलला याच्या 5-6 पट ताकद लागते, तिथे मोठा रेंच. एकाच रेंचने दोन्ही होत नाही, दुकानदार काहीही सांगो.

छोट्या कॉम्प्रेसरचं थोडक्यात: कार्बोरेटरचे जेट फुंकायला आणि चाकात हवा भरायला झकास, पण हवेवर नट सोडणारी इम्पॅक्ट गन त्यावर 2 सेकंद गुरगुरते आणि बसते. टाकीत साठणारं पाणी काढत राहा. आणि त्याने ब्रेकच्या ड्रममधली भुकटी उडवू नका, जुन्या लायनरमध्येही तेच अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा.

"पार्ट पेट्रोलने धुवा." या एका ओळीसाठी मी हा सगळा लेख लिहायला बसलो. पेट्रोलची वाफ पेट घेण्याइतकी तयार व्हायला त्याला उन्हाची गरज नसते, उणे 40 अंशांच्या आसपासही ती निघते. ती हवेपेक्षा जड असते, त्यामुळे वर जात नाही, जमिनीवरून सरपटते. तुम्ही थाळ्यात पार्ट धूत बसता, वाफ कोब्यावरून पसरत त्याच मेसेजने घ्यायला लावलेल्या कॉम्प्रेसरच्या पायाशी जाते, आणि त्याचा स्विच आपोआप चालू होताना आत ठिणगी पडते. कुणी काडी ओढायची गरजच नाही. डिझेल किंवा रॉकेल वापरा, त्यांची वाफ पेटायला साधारण 35 अंशांच्या पुढचं तापमान लागतं. पण मे महिन्यात पत्र्याखाली तेवढं सहज असतं, म्हणून तेही सकाळी आणि शेडबाहेर, अंगणात.

आणि पेट्रोल पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत भरून फळीवर ठेवायची आपली सवय. 1934 च्या पेट्रोलियम कायद्याने विक्रीसाठी नसलेलं 30 लिटरपर्यंत पेट्रोल बिनपरवाना ठेवायची मुभा दिली, पण भांडी कुठली ते सांगून: काच किंवा चिनी मातीचं असेल तर 1 लिटरपर्यंत, धातूचं 25 लिटरपर्यंत, घट्ट बुचाचं. प्लॅस्टिकची बाटली त्यात नाही. दाराजवळ, आत नव्हे, एबीसी पावडरचं अग्निशामक आणि वाळूची बादली ठेवा. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतलं तर ते पाण्यावर तरंगत पुढे जातं.

याच कारणाने शेडला झरोका एक नको, दोन हवेत. एक जमिनीलगत, पेट्रोलची वाफ जायला. एक छपराखाली, कारण बॅटरी चार्ज होताना सुटणारा हायड्रोजन वर जातो. खालच्या झरोक्याला बारीक जाळी, नाहीतर आमच्याकडे एकदा धामण येऊन बसली होती तसं होईल. इंजिन मात्र दोन झरोक्यांच्या भरवशावरही आत चालू ठेवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या 200 पटींहून जास्त जोराने चिकटतो. डोकं जड झालं हे कळेपर्यंत उठायचं त्राण गेलेलं असतं. गाडी ढकलून अंगणात न्या, मग किक मारा.

चेनला जुनं ऑइल नको, त्यात इंजिनाची झीज असते. 90 नंबरचं गिअर ऑइल लावा. जुनं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्यात ओतू नका, डबा भरला की मी मिस्त्रींच्या पिंपात नेऊन ओततो.

राहिलं "वर्षभरात वसूल". माझ्या तिन्ही गाड्यांची वर्षाची साधी सर्व्हिसिंग बाहेर केली असती तर जी मजुरी गेली असती, त्यात कोबा, लाइन आणि दिव्यांचा खर्च फिटायला मला 6 वर्षं लागली. हत्यारांचा हिशोब मी बायकोसमोर करत नाही. रामरामही झालेला नाही. आरएक्सचा क्रँक आवाज करायला लागला तेव्हा कनेक्टिंग रॉड प्रेसवर दाबून बसवायचा, मग क्रँक सरळ आहे का ते लेथवर तपासायचं, हे शेडमधलं काम नव्हेच. मी इंजिन घरी उतरवलं, अर्धं खोललं, नटबोल्ट डब्यांत भरून चिठ्ठ्या लावल्या आणि रिक्षातून मिस्त्रींकडे नेलं. वाटलं होतं मजुरी कमी लावतील. त्यांनी डबे पाहिले, चिठ्ठ्या वाचल्या आणि 200 रुपये जास्त सांगितले.

"दुसऱ्यानं खोललेलं जोडायचं म्हणजे डोक्याला ताप असतो साहेब," ते म्हणाले. मी दिले.