नाव झाकून वाचलेली कविता

मराठी कवितेच्या व्हॉट्सॲप समूहांवर एक वाद सारखा उकरला जातो. सकाळी संयोजक ‘आजचा विषय : पाऊस’ असं टाकतात आणि दुपारपर्यंत चाळीस कविता येतात. मग कुणीतरी म्हणतं, ही विषय देऊन पाडलेली कविता, खरी कविता आतून यावी लागते. त्यावर दुसरी बाजू म्हणते, या उपक्रमांमुळे माणसं लिहिती तरी झाली. जपानमधून हा वाद वाचताना वाटतं, की दुखणं विषय देण्यात नाहीच.

इथे विषय देणं कमीपणाचं कुणी मानत नाही. दर जानेवारीत टोकियोच्या राजवाड्यात ‘उताकाई हाजिमे’ हा काव्यवाचनाचा सोहळा होतो. त्यासाठी एक शब्द आधीच जाहीर होतो. 2024 साली तो ‘वा’ होता, म्हणजे सलोखा, आणि 2025 साली ‘युमे’, म्हणजे स्वप्न. सम्राटापासून सामान्य नागरिकापर्यंत सगळे त्याच शब्दावर तांका, म्हणजे पाच ओळींची छोटी कविता, लिहितात. नागरिकाने एकच कविता ब्रशने स्वहस्ते लिहून पाठवायची असते, आणि आलेल्या हजारोंतून दहाच्या आसपास निवडल्या जातात.

आपल्याकडे तरी हे कुठे नवं आहे? समस्यापूर्तीत शेवटचा चरण हाती देऊन श्लोक मागत. ‘ठठं ठठं ठं’ या निरर्थक आवाजातून पायऱ्यांवर घरंगळणारा सोन्याचा घडा कवीला दिसला, ही दंतकथा आपण शाळेत ऐकलेली असते. जात्यावर ‘पहिली माझी ओवी’ ही ठरलेली सुरुवात होती. एकीने ओळ टाकायची, समोरचीने ती पुढे न्यायची, आणि जातं थांबू द्यायचं नाही.

मग बिघडतं कुठे? आधी विषयाच्या आकारात. पाऊस, आई, प्रेम हे विषय इतके मोठे, की प्रत्येकाला पहिली आठवते ती ऐकलेलीच ओळ. हायकूच्या बैठकीला, कुकाईला, आधी कळवलेला विषय म्हणजे ‘केन्दाई’ बहुधा हाताने धरता येईल असा असतो : पंखा, वाऱ्यावर वाजणारी काचेची घंटा, नवा तांदूळ. पावसाऐवजी ‘पागोळी’ देऊन पाहा. तरीही अनेकजण ‘पागोळ्या गळती, आठवणी दाटती’ इथेच पोचतील. या चुकीला जपानी हायकूत ‘त्सुकिसुगी’ म्हणतात, म्हणजे दोन प्रतिमा फार चिकटल्या. गळणाऱ्या पाण्याशेजारी दाटलेलं मन ठेवलं की वाचणाऱ्याला करायला काही उरत नाही. दुसरी वस्तू लांबून आणावी लागते :

पागोळ्या संथ
दारात पोस्टमन
पुसतो चष्मा

पत्रात काय आहे हे इथे सांगितलेलं नाही, म्हणून वाचणारा दारात थांबतो.

दुसरा बिघाड मोठा. आपल्याकडे कवितेआधी कवीचं नाव वाचलं जातं. ‘व्वा सर’, ‘अप्रतिम ताई’ ही दाद माणसाला मिळते, ओळीला नाही. कुकाईत हे टाळायची पद्धत शंभराहून अधिक वर्षांत घोटली गेली आहे. आठजण जमले आणि प्रत्येकाने तीन हायकू आणले, असं समजा. एका चिठ्ठीवर एकच हायकू, नाव नाही. चोवीस चिठ्ठ्या पिसून प्रत्येकाला तीन वाटतात, आणि ज्याच्या हाती ज्या येतील त्या तो स्वच्छ अक्षरात कागदावर उतरवतो. हा टप्पा वेळखाऊ म्हणून गाळू नये, अक्षर ओळखलं की निवड बिघडते. मग कागद फिरतात. प्रत्येकजण स्वतःचं सोडून तीन निवडतो, त्यातल्या एकावर सर्वोत्तमची खूण करतो. निवडलेलं मोठ्याने वाचलं जातं. काही बैठकींत कवी तिथल्या तिथे नाव सांगतो, काहींत चर्चेनंतर. मराठी समूहांनी चर्चेनंतरची रीत धरावी, कारण ज्येष्ठांचं नाव कळल्यावर आपल्याकडे कुणी खरं बोलत नाही. व्हॉट्सॲपवर करायचं तर एकाने कविता खासगीत घ्याव्यात, क्रमांक देऊन एकत्र टाकाव्यात, आणि त्या फेरीत स्वतः निवड करू नये.

मिळून एकच रचना करायची असेल तर रेन्कू आहे, म्हणजे अनेकांनी कडव्याला कडवं जोडत केलेली साखळी-कविता. सतराव्या शतकातला कवी बाशो याच्या काळात रुळलेला तिचा ‘कासेन’ हा प्रकार छत्तीस कडव्यांचा, त्यात चंद्र तीन ठिकाणी आणि फुलोरा दोन ठिकाणी यावाच लागतो. नियमांचा गाभा एवढाच : आपलं कडवं मागच्याला जोडायचं, पण त्याच्या मागच्याकडे परतायचं नाही. पोस्टमननंतर कुणी पत्राचं कडवं लिहिलं, की तिसऱ्याने पुन्हा दारात किंवा पावसात यायचं नाही. नवखे हमखास इथेच अडखळतात आणि साखळी एका जागी गोल फिरू लागते, म्हणून सूत्रधार लागतो. कडवं परत करण्याचा त्याचा अधिकार सगळ्यांनी आधीच मान्य करायचा.

कुकाईतही एक खोट आहे. मतांनी निवडताना गुळगुळीत हायकू पुढे जातो आणि विचित्र, खरखरीत ओळीला एकही मत पडत नाही. म्हणून शेवटची वीस मिनिटं शून्य मतं मिळालेल्या चिठ्ठ्यांसाठी राखावीत, आणि त्यातल्या एकीबद्दल प्रत्येकाने बोलावं, ती कुणाची हे कळायच्या आधी.