पद्मपाणीवर फ्लॅश मारू नका

अजिंठ्याहून परतताना बसमध्येच लिहितोय, उद्यापर्यंत राग निवेल म्हणून.

सकाळी पहिल्या लेण्यात एका बाबाने मुलीला कडेवर घेतलं, मोबाईल पद्मपाणीसमोर, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाच्या भित्तिचित्रासमोर, धरला आणि लागोपाठ चार फ्लॅश मारले. पहारेकऱ्याने हटकलं, तर म्हणे, "एका फोटोने काय होतंय?"

एका फोटोने काही होत नाही, मान्य. पण मागे रांगेत उभ्या प्रत्येकाचा तो एकच फोटो असतो ना! रंगावर पडलेला उजेड साचत जातो. उडालेला रंग परत येत नाही. आणि खाली आहे काय? कातळावर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस नि काड्या, वर चुन्याचा पातळ हात, तो सुकल्यावर रंग. तुसाला कीड लागली की आत पोकळी होते आणि पोपडा सुटतो. पावसात कातळ पाझरतो, त्यात आपल्या श्वासाची वाफ. निजामाच्या काळात इटालियन जाणकारांनी जपायला म्हणून व्हार्निश लावलं, तेही पुढे पिवळं पडलं.

दहाव्या लेण्यात खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ला चित्रावरच नाव कोरलंय. आज ते डोक्याच्या वर दिसतं, कारण तेव्हा आत पाचेक फूट राडारोडा होता आणि तो त्यावर उभा होता. त्याला दोनशे वर्षं शिव्या देतोय आपण, आणि खिशात फ्लॅश घेऊन फिरतोय.

आत अंधार असतो, लांबून आलेल्याला धड दिसत नाही, हेही खरं. त्याला उपाय आहे. उन्हातून आत गेल्यावर तीन-चार मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे सरावतात. सोमवारी लेणी बंद. गाडी फर्दापूर फाट्याला लावून पहिली बस धरा, गर्दीच्या आधी पहिलं आणि दुसरं लेणं बघून होतं. चपला काढाव्या लागतात आणि दुपारी दगड भाजतो, पायमोजे ठेवा. चैत्यात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या लेण्यात, स्तूप उजव्या हाताला ठेवून फिरा. सव्विसाव्यात डाव्या भिंतीला महापरिनिर्वाण आहे, म्हणजे अखेरच्या क्षणी आडव्या झालेल्या बुद्धाचं शिल्प, सातेक मीटर लांब. तिथे घाई करू नका, खाली रडणारे शिष्य एकेक करून बघा. कुणी वंदना म्हणत असेल तर मध्ये कॅमेरा घेऊन घुसू नका. प्रार्थनेची जागा आहे ती.

त्या बाबाने शेवटी फोन खिशात टाकला. मुलगी कडेवरून तशीच बघत राहिली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "बाबा, त्याच्या हातात निळं फूल आहे." चारही फोटोंत ते बाबाला दिसलं नव्हतं.