खुलासा: नेटवर्क आलं म्हणजे डॉक्टर घरी आला, असं नाही

‘मोबाइल नेटवर्क आता जवळपास सगळीकडे आहे, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर डॉक्टर सगळ्यांनाच मिळतो,’ असा मेसेज फिरतोय. त्यातला पहिला भाग बराचसा खरा. दुसरा नाही.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४च्या अंदाजानुसार थ्रीजी किंवा त्यावरचं नेटवर्क जगातल्या सुमारे ९६ टक्के लोकांच्या आवाक्यात होतं. तरीही २६० कोटी लोक इंटरनेट वापरत नव्हते. म्हणजे यातल्या बहुतेकांची अडचण टॉवरची नाहीच. फोन परवडत नाही, डेटा महाग पडतो, ॲप कळत नाही. किंवा घरात फोन एकच आणि तोही दुसऱ्याच्या खिशात. (पाळीची तक्रार नवऱ्याच्या फोनवर, सगळ्यांच्या देखत कोण सांगणार?)

बरं, जोडणी असली तरी ती पुरतेच असं नाही. सिनेमा बघताना डेटा आपल्याकडे येतो, डॉक्टरांना अंगावरचं पुरळ दाखवताना तो आपल्याकडून जातो, आणि अपलोडचा वेग बहुधा कमीच असतो. चित्र मध्येच अडकतं, लाल चट्टा तपकिरी दिसतो. अशा वेळी साधा फोन आणि उजेडात काढून आधी पाठवलेला फोटो जास्त कामाला येतो. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल तर मात्र कॉल जोडत बसू नये. थेट रुग्णालय गाठावं.