भराव पडण्याआधी गाळ तपासा

नालासोपाऱ्याचा स्तूप पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरला. आज तो संरक्षित आहे. कायद्याने अशा स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी असते, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. पण अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ साली मिळाला तो भुईगावला, या वर्तुळाच्या पार बाहेर. शूर्पारक, म्हणजे जुनं सोपारा, हे बंदर होतं. बंदर एका टेकाडात मावत नाही, ते खाडीकाठाने पसरतं. आणि तोच काठ आज ‘पडीक खाजण’, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्याची पडीक जमीन, म्हणून विकला जातो.

माझं म्हणणं एवढंच: खाजणात भरावाचा पहिला डंपर रिता होण्याआधी जुने अवशेष शोधायला गाळात गिरमिट, म्हणजे भोक पाडून खालचा गाळ वर काढणारं अवजार, गेलं पाहिजे.

नुसतं फिरून खापरं वेचणं इथे पुरत नाही. जुना थर गाळाखाली असतो. वर दिसणारी खापरं कधी बांध घालताना बाहेरच्या मातीतून आलेली असतात. कडा झिजून गोल झाल्या असतील तर ती पाण्याने वाहून आलेली समजावीत. खेकड्यांच्या बिळांबाहेरची माती मात्र जरूर चाळावी, ती खालून आलेली असते. भू-भेदी रडारवर विसंबू नये. खाऱ्या ओल्या चिकणमातीत त्याच्या लहरी थोड्याच खोलीवर विरतात, आणि मग ‘काही आढळले नाही’ असा अहवाल तयार होतो.

उधाणाची ओहोटी गाठावी. काठापासून आत रेषा आखून दर ५० मीटरला अर्धनळीचं हातगिरमिट उतरवावं, दांडे जोडत कठीण तळ लागेपर्यंत. एक मीटरचा गाळ निघाला की लगेच रंग, पोत, शिंपले, कोळसा, खापर यांची खोलीसकट नोंद करावी, कारण हवा लागली की काळा-निळा गाळ बघता बघता तपकिरी होतो. खापर किंवा कोळसा लागला तिथे अंतर १० मीटरवर आणावं. लाकूड मिळालं तर ओलंच ठेवावं. वाळलं की आक्रसून फुटतं. कार्बन-कालमापनासाठी शिंपल्यापेक्षा बी किंवा बारीक फांदी बरी. समुद्री शिंपल्याचं वय सुमारे ४०० वर्षांनी जास्त येतं. तिवराची मुळं वेगळी काढावीत, ती वरून घुसलेली असतात आणि वय कमी दाखवतात.

हे काम चार माणसं काही दिवसांत करतात. दोन-तीन मीटर मुरूम पडल्यावर तेच गिरमिट दगडावर अडतं, खालचा मऊ गाळ वजनाने चेपतो आणि पायाचे पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, उरलेले थर भेदून जातात. म्हणून ही अट भरावाच्या परवानगीतच हवी, बांधकामाच्या नको.